श्रीखंडातली चारोळी

1990 च्या आसपास बाबा साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात डाय कास्टिंगच्या मशीनवर होते. वितळलेलं ॲल्युमिनियम पळीने ओतायचं, दाब द्यायचा, डाय उघडायची, ब्रॅकेट तयार. वरून चकचकीत, पण ड्रिल लावलं की आत पोकळ्या. पातळ धातू साच्यात जोरात घुसताना हवा ओढून घेतो. माल परत आला की पगार कापला जायचा.

उपाय वीस वर्षांपूर्वीच सापडला होता, तोही अनपेक्षितपणे. एमआयटीत मेर्टन फ्लेमिंग्ज यांचा विद्यार्थी डेव्हिड स्पेन्सर गोठणाऱ्या धातूला चिरा का पडतात ते शोधत होता. गोठताना धातूत झाडासारख्या फांद्या फुटतात आणि एकमेकींत अडकून बसतात. त्याने कथील-शिशाचा मिश्रधातू गोठत असतानाच ढवळत ठेवला. फांद्यांऐवजी गोल कण झाले, आणि निम्मा गोठलेला धातूही वाहत राहिला. असा धातू सुरीने कापता येतो, पण दाबला की संथपणे साचा भरतो. हवा आत ओढली जात नाही. 1972 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला.

मग 1974 मध्ये मेहराबियन, रीक आणि फ्लेमिंग्ज यांनी या लगद्यात कठीण कण मिसळले. धार लावायच्या चाकातलं सिलिकॉन कार्बाइड ॲल्युमिनियमला झिजेविरुद्ध बळ देतं. पण पातळ रसात ते नीट भिजत नाही, आणि जड असल्याने तळाशी बसतं. खिरीतली चारोळी तळाला जाते, श्रीखंडातली जिथल्या तिथे राहते, तसंच हे. (त्याआधी, 1960 च्या दशकात, प्रदीप रोहतगींनी अमेरिकेत ग्राफाइटच्या कणांना निकेलचं कवच देऊन ते ॲल्युमिनियममध्ये मिसळले होते.)

इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं आणि मी चिडलो. पवईची आयआयटी आमच्या गाळ्यापासून बसने जाण्याइतकी जवळ, 1958 पासूनची. मग हे इथवर का आलं नाही?

बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती अंश सांभाळायचे?"

नेहमीचा ओतीव मिश्रधातू 615 अंशांच्या आसपास गोठू लागतो. निम्मा गोठलेला हवा, तर त्याखाली काही मोजक्याच अंशांची मुभा.

"आमच्या भट्टीचा तापमापक दोन वर्षं बंद आहे. आणि ते कण घातलेलं भंगार परत वितळवून साध्या मालात चालेल?"

चालणार नव्हतं. गाळा तर भंगारावरच जगत होता. शिवाय असा माल ड्रिलची धार खातो.

गाळा आता नाही. पोकळी निघालेला एक ब्रॅकेट घरी आहे. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून आई तो फटीत लावते.