कला शाखेचे दार, प्रयोगशाळेचे दार

वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते, आणि वरोऱ्यालगत बाबा आमट्यांचे आनंदवन. तेथे 1964 साली कला-विज्ञानाचे आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले, 1966 साली अंध विद्यालय. ब्रेल वणीच्या इतकी जवळ आली; पण ब्रेलपासून प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते.

दृष्टिहीन विद्यार्थ्याने दहावीनंतर कला शाखेकडे वळावे, हा आपल्याकडचा अलिखित संकेत. साहित्याचे अध्यापक त्याचे कौतुकाने स्वागत करतात. (हे स्वागत वाङ्मयावरील प्रेमाचे की सोयीचे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.)

वस्तुतः इतिहास निराळेच सांगतो. तान्हेपणी देवीच्या रोगाने दृष्टी गमावलेला निकोलस साँडरसन 1711 साली केंब्रिजमध्ये, न्यूटनने भूषविलेल्या गणिताच्या आसनावर बसला. फळीवर टाचण्या खोचून तो आकडेमोड करी आणि प्रकाशशास्त्रावर व्याख्याने देई! त्याला पात्र करून दिदरोने 1749 साली अंधांविषयीचे पत्र लिहिले आणि त्याच वर्षी तो तुरुंगात गेला.

अडचण बुद्धीची नव्हती, लिपीची होती. 1951 मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली, तेव्हा मराठी कविता बोटांखाली येण्याची सोय झाली. परंतु ब्रेल एका ओळीत धावते, अपूर्णांक मात्र वर-खाली बसतो. त्यासाठी वेगळी गणिती संकेतपद्धती लागते. अमेरिकेत अब्राहम नेमेथने ती 1952 साली प्रसिद्ध केली. तोही अंध होता. गणिताऐवजी मानसशास्त्र घे, असा सल्ला त्यालाही मिळाला होता.

आपल्याकडे प्रश्न न्यायालयात गेला. आंध्रात श्रीकांत बोल्लाला अकरावीत विज्ञान घेण्यासाठी झगडावे लागले. 2010 साली फिजिओथेरपीच्या प्रवेशासाठी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. स्क्रीन रीडरने पुढे बरेच सुकर केले, तरी चित्ररूपात छापलेले सूत्र त्याला वाचता येत नाही, आणि जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर तर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो.

प्रात्यक्षिकाचे काय, हा आक्षेप उरतोच. ज्योतीचा रंग सहाय्यकाने सांगितला, तर निरीक्षण कोणाचे? खिरात वर्मेय या डच वंशाच्या जीवशास्त्रज्ञाची दृष्टी तिसऱ्या वर्षी गेली. तो शिंपले बोटांनी वाचतो. खेकड्यांच्या हल्ल्याने पडलेले आणि पुन्हा भरून आलेले तडे चाचपत त्याने शिकारी आणि भक्ष्य यांच्यातील कोट्यवधी वर्षांची चढाओढ मांडली.