एका कंदाचे दोन हिवाळे

आज आपण एका फुलबाजाराची गोष्ट ऐकणार आहोत. हा बाजार आहे नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरात. आम्ही त्या देशात फिरायला गेलो, तेव्हा आधीच ठरवलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण फुलबाजार बघायचाच.

सिंगल नावाच्या कालव्याच्या काठाने हा बाजार आहे. शहरातला हा फुलबाजार १८६२ साली सुरू झाला. तेव्हा माळी होड्यांमधून फुलं आणि रोपं घेऊन येत आणि होडीतूनच विकत. आता काठाला पक्क्या बांधलेल्या तराफ्यांवर दुकानं आहेत. रस्त्यावरून चालता चालता आपण पाण्यावरच्या दुकानात शिरलो, हे कळतही नाही.

फुलबाजार म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर ओल्या फुलांचे ढीग होते. इथे ताजी फुलं थोडी आणि कंदच जास्त. जाळीच्या पिशव्यांत, लाकडी खोक्यांत, तपकिरी सालीचे ट्युलिपचे कंद. लांबून बघितलं तर छोटे कांदेच वाटावेत. आम्ही एक हातात घेऊन बघत होतो, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका डच आजी इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या आईने हे खाल्ले आहेत." आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती. त्या एका वाक्यामुळे आम्ही या कंदाचा इतिहास शोधायला लागलो.

ट्युलिप मुळात हॉलंडचं नाहीच. ते मध्य आशियातल्या डोंगरांतलं रानफूल. तुर्कस्तानच्या सुलतानांच्या बागांमध्ये ते मानाने वाढलं आणि सोळाव्या शतकात युरोपात आलं. कॅरोलस क्लुसियस नावाचे वनस्पतीतज्ज्ञ १५९३ मध्ये लायडन विद्यापीठाच्या बागेत रुजू झाले. त्यांनी तिथे कंद लावले आणि पुढच्या वसंतात फुलं उमलली. हळूहळू श्रीमंतांना या फुलाचा नाद लागला. विशेषतः पांढऱ्या पाकळीवर लाल किंवा जांभळ्या ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या फुलांचा.

मग आला १६३६-३७ चा हिवाळा. कंद जमिनीखाली होते, फूल कोणी पाहिलेलं नव्हतं, पण खानावळींमध्ये बसून लोक कागदावर त्यांचे सौदे करत होते. डच लोक त्याला 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. कसबी कारागीर वर्षाला साधारण ३०० गिल्डर मिळवायचा, त्या काळात एकेका कंदाला हजारो गिल्डर बोलले जात. ५ फेब्रुवारी १६३७ रोजी अल्कमार गावात एका मृत खानावळवाल्याच्या अनाथ मुलांसाठी त्याच्या कंदांचा लिलाव झाला. एकूण बोली सुमारे ९०,००० गिल्डरची लागली. पण त्याच आठवड्यात हार्लेम शहरात गिऱ्हाईक मिळेनासं झालं आणि भाव कोसळले.

या वेडापायी सगळा देश भिकेला लागला, असं आपण बऱ्याच ठिकाणी वाचतो. अ‍ॅन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की तसं झालं नव्हतं. व्यापार ठरावीक लोकांपुरता होता, भांडणं आणि फसवणूक झाली, पण देश बुडाला नाही. उपदेशाची पत्रकं छापणाऱ्यांनी गोष्ट वाढवली.

आणि ते पट्टे? ते कशामुळे येतात, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नीट कळलं नव्हतं. इंग्लंडमधल्या डोरोथी केली या संशोधक बाईंनी १९२८ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि दाखवलं, की हा एका कंदातून दुसऱ्यात जाणारा रोग आहे. तो विषाणूचा रोग, मावा कीड तो पसरवते. म्हणजे ज्या फुलाला सर्वांत जास्त भाव, ते आजारी फूल होतं. आजाराने कंद अशक्त व्हायचा, त्याला पिल्लं कमी फुटायची, म्हणूनच तो दुर्मीळ आणि महाग.

आता दुसरा हिवाळा, १९४४-४५ चा. देशाचा मोठा भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. सप्टेंबरमध्ये दोस्तांच्या चढाईला मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांत अन्न नेण्यावर बंदी घातली. पुढे बंदी थोडी सैल झाली, पण तोवर थंडी इतकी पडली की कालवे गोठले आणि मालाच्या होड्या अडकल्या. गॅस गेला, वीज गेली. दिवसाचं रेशन हजार कॅलरीच्याही खाली आलं, आणि पुढे त्याच्या निम्म्यापर्यंत उतरलं.

घरात चूल पेटवायची ती कशाने? बायकामुलांनी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटून आणले. पेटीतल्या चादरी, दागिने घेऊन बायका सायकलवर किंवा पायी खेड्यांत जायच्या आणि बदल्यात बटाटे, धान्य मागायच्या. आणि घरात शिजायचे शुगरबीट आणि ट्युलिपचे कंद. युद्धामुळे लागवड अडली होती, कंद पडून होते. ते कसे शिजवावेत, याच्या सूचना छापल्या गेल्या: साल काढा, मधला पिवळा गाभा काढून टाका, तो बाधतो, उरलेलं बटाट्यासारखं उकडा. काहीजणी ते वाळवून पीठ करायच्या.

त्या हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक माणसं गेली. ५ मे १९४५ ला देश मुक्त झाला. पण भूक तिथे संपली नाही. त्या काळात ज्या बाया गरोदर होत्या, त्यांच्या मुलांचा अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. आईच्या पोटात पहिल्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला. गरोदर बाईच्या ताटाकडे जग आज अधिक गंभीरपणे बघतं, त्यात या अभ्यासाचा वाटा आहे.

मैत्रिणींनो, कंद तोच. पहिल्या हिवाळ्याची गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे, पर्यटकांना वाटाडेही ती रंगवून सांगतात. दुसरी आम्हाला एका आजींमुळे कळली, आणि तीही त्यांच्या आईच्या चुलीची. सौद्याचे कागद राहतात. गाभा काढून टाकायचा हे कोणी कोणाला शिकवलं, चार कंद सहा जणांत कसे वाटले, हे घरातच राहतं आणि सांगणारी गेली की जातं.

आम्ही कंद विकत घेतले नाहीत. भारतात आणायचे तर आयातीचा परवाना आणि रोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. पण परत आल्यावर एक काम केलं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, "घरात काही नव्हतं तेव्हा तुम्ही काय शिजवलंत?" आणि त्या बोलत होत्या तेव्हा मोबाइलवर आवाज टिपून घेतला. तुम्हीही विचारा. टिपलेलं आपल्या केंद्रावर आणून द्या, आपण ते सगळ्यांना ऐकवू.