स्कायलॅबची उतरण

आज पन्नाशीच्या आत असलेल्यांना 'स्कायलॅब' म्हटलं तर फारसं काही आठवणार नाही. पण १९७९ च्या पावसाळ्यात हा शब्द आमच्या महाबळेश्वरात शेंबड्या पोरालाही पाठ होता. मी तेव्हा तरुण शिक्षक. जुलैतलं धुकं असं, की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. तरी लोक वर बघायचे. वर्गात मुलं विचारायची, "सर, ती आपल्या शाळंवर पडंल का?"

प्रश्न अगदीच खुळा नव्हता. स्कायलॅबची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंशांचा कोन करत होती. त्यामुळे उत्तर-दक्षिण ५० अक्षांशांमधला सगळा प्रदेश तिच्या वाटेखाली येई. त्यात महाबळेश्वरही आलंच.

अमेरिकेचं हे पहिलं अंतराळस्थानक. सॅटर्न-५ या चांद्ररॉकेटचा तिसरा टप्पा इंधनाविना ठेवून त्यातच राहण्याची आणि प्रयोगांची जागा केलेली. १४ मे १९७३ ला ती उडाली आणि ६३ सेकंदांत तिचं संरक्षक कवच फाटलं. त्यापायी एक सौरपंख गेला, दुसरा अडकून बसला. आत उष्णता पन्नास अंशांवर! अकरा दिवसांनी कॉनरॅड, कर्विन आणि वाइट्झ हे तिघे निघाले. त्यांनी एका लहान झरोक्यातून छत्रीसारखं कापड बाहेर काढून सावली केली. ७ जूनला कॉनरॅड आणि कर्विन यांनी बाहेर जाऊन अडकलेला पंख सोडवला. पुढे तीन तुकड्या तिथे अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या.

म्हणजे बिघाड माणसांनी निस्तरला. नडलं ते वेगळंच. सुमारे ७७ टनांचं हे धूड ठरवून खाली आणण्याची सोयच ठेवली नव्हती. स्पेस शटल येईल आणि तिला वर ढकलेल, असा भरवसा होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरचं विरळ वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि ती लवकर खाली येऊ लागली. शटल उडालं १९८१ मध्ये. स्कायलॅब कोसळली ११ जुलै १९७९ ला. कुणाला तरी तुकडा लागण्याची शक्यता नासाने १५२ त एक अशी सांगितली होती. तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्सच्या परिसरात पडले. कुणाला इजा झाली नाही. आम्ही देवाची कृपा म्हणून मोकळे झालो.

आजचं आंतरराष्ट्रीय स्थानक चारशे टनांहून जड आहे. ते उतरवण्यासाठी खास यान बांधण्याचं काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. भारतानेही २०३५ पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं ठरवलं आहे. अभिमान वाटतोच. पण त्याची बातमी वाचताना माझी नजर आधी हे शोधते, की शेवटी ते उतरवणार कसं? पसरणी घाटातून रोज ये-जा करणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. चढाला इंजिन लागतं, उताराला ब्रेक; आणि ब्रेक बघायचा तो गाडी निघण्याआधी.