चौथा जाईपर्यंत

1978 साली लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या जुगारघराने आपल्या पोकर स्पर्धेत एक बदल केला. त्याआधी, म्हणजे 1971 पासून, तिथला नियम सरळ होता. सगळ्यांनी प्रवेशाचे पैसे भरायचे, सारख्या चिप्स घ्यायच्या, एकेक जण खंक होईपर्यंत खेळायचे आणि शेवटी उरेल त्याने सगळी रक्कम उचलायची. 1971 मध्ये जॉनी मॉसने अशीच 30,000 डॉलरची रक्कम उचलली होती. 1978 मध्ये मात्र 42 खेळाडूंनी प्रत्येकी 10,000 डॉलर भरले आणि जमलेले 4,20,000 डॉलर पहिल्या पाच जणांत वाटले गेले. विजेत्या बॉबी बाल्डविनला त्यातले निम्मे, म्हणजे 2,10,000 मिळाले. अधिक लोकांना स्पर्धेत ओढायचे तर अधिक लोकांना बक्षिसाची आशा दाखवावी लागते, इतके साधे व्यापारी शहाणपण त्यामागे दिसते. पण या वाटणीने पोकरच्या स्पर्धेचे गणितच बदलले. पुढे इंटरनेटवर पाच-दहा डॉलरच्या छोट्या स्पर्धांत ज्यांनी सातत्याने पैसे मिळवले, त्यांच्या यशाचे मूळ चांगले पत्ते किंवा समोरच्याचा चेहरा वाचण्याची कला यांत फारसे नव्हते. ते या वाटणीतच होते.

सगळी रक्कम एकाचीच असते तेव्हा चिप्स आणि पैसे यांचे प्रमाण सरळ असते. टेबलावरच्या एकूण चिप्सपैकी चौथा हिस्सा तुमच्याकडे असेल, तर साधारणपणे चौथा हिस्सा रक्कम तुमची. चिप्स दुप्पट झाल्या की अपेक्षाही दुप्पट. पण दुसऱ्या-तिसऱ्यालाही बक्षीस मिळू लागले की हा सरळ हिशेब मोडतो, कारण सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यालाही सगळे पैसे मिळत नाहीत आणि हातात एकच चिप उरलेल्या माणसाचीही काही किंमत राहते. ही किंमत काढण्याची युक्ती पोकरच्या आधी घोड्यांच्या शर्यतीत सापडली. 1973 मध्ये डेव्हिड हारव्हिल या संख्याशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की प्रत्येक घोड्याची पहिले येण्याची शक्यता माहीत असेल, तर जिंकलेला घोडा बाजूला काढून उरलेल्यांत त्याच प्रमाणाने दुसरा कोण येईल ते काढता येते, मग तिसरा. मेसन माल्मथने 1987 च्या आपल्या पुस्तकात हाच तर्क पोकरच्या चिप्सना लावला. घोड्याच्या जागी खेळाडू आणि जिंकण्याच्या शक्यतेच्या जागी चिप्सचा वाटा. आज खेळाडू या पद्धतीला ‘आयसीएम’ म्हणतात.

तरीही हे गणित बरीच वर्षे पुस्तकातच पडून राहिले. हॉर्सशूच्या स्पर्धेत ते वापरायची संधी वर्षातून एकदा, तीही मूठभर लोकांना. एरिक ड्राकेने तिथे ‘सॅटेलाइट’ची प्रथा आणली, तीत दहा जणांनी हजार-हजार डॉलर भरून एका टेबलावर बसायचे आणि जिंकेल त्याला मोठ्या स्पर्धेतली 10,000 डॉलरची जागा मिळायची. 1983 मध्ये अशा सॅटेलाइटमधून आलेला टॉम मॅकएव्हॉय मुख्य स्पर्धाच जिंकला. छोट्या ऑनलाइन स्पर्धेचा सांगाडा हाच: एक टेबल, नऊ-दहा माणसे, तासाभराचा खेळ. 1 जानेवारी 1998 ला प्लॅनेट पोकरवर इंटरनेटवरचा पहिला खऱ्या पैशांचा डाव झाला, 2001 मध्ये पार्टीपोकर आणि पोकरस्टार्स आले आणि या सांगाड्याला ‘सिट अँड गो’ हे नाव मिळाले. वेळापत्रक नाही, दहावी खुर्ची भरली की डाव सुरू. ठरलेला नमुना दहा डॉलर अधिक एक. दहा बक्षिसात, एक कंपनीचा. शंभर डॉलर जमले की पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20 आणि चौथ्याला काहीच नाही. जे वर्षातून एकदा घडे ते आता दिवसातून वीसदा, चार टेबले एकदम उघडली तर ऐंशीदा घडू लागले, आणि पुस्तकातल्या गणिताला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळाले.

या खेळातला सगळा पेच चौथ्या जागेवर आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. समजा चार जण उरले आहेत आणि प्रत्येकाकडे 2,500 चिप्स आहेत. सगळे सारखे, म्हणून शंभर डॉलरमध्ये प्रत्येकाचा वाटा 25. आता एकाने सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि दुसऱ्याने त्या स्वीकारल्या. हरेल तो चौथा, शून्य. जिंकेल त्याच्याकडे 5,000 चिप्स. हारव्हिलच्या रीतीने पाहिले तर त्याची पहिले येण्याची शक्यता निम्मी, दुसरे येण्याची एक तृतीयांश, तिसरे येण्याची एक षष्ठांश. 50, 30 आणि 20 ला या हिश्श्यांनी गुणून बेरीज केली की 38 डॉलर 33 सेंट होतात. चिप्स दुप्पट झाल्या, पैसे दीडपटीच्या थोडे वर गेले. मग दोघांच्या मिळून 50 डॉलरमधले उरलेले 11 डॉलर 67 सेंट गेले कुठे? पत्ते टाकून स्वस्थ बसलेल्या इतर दोघांकडे. त्यांचा 25 चा वाटा बोटही न हलवता 30 डॉलर 83 सेंटचा झाला. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच सापडेल. इथे तर लाभ तिसऱ्याबरोबर चौथ्यालाही.

यातून निघणारा निष्कर्ष नवख्याला पटत नाही. ब्लाइंड सोयीसाठी बाजूला ठेवू. (तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता चाल खेळणे, पोकरमधला ब्लाइंड म्हणजे पाळीपाळीने सक्तीने भरावा लागणारा डाव.) समोरच्याने सगळे लावले असताना ते स्वीकारायचे, तर जिंकण्याची शक्यता 25 भागिले 38.33, म्हणजे 65 टक्क्यांच्या वर हवी. एक्का आणि राजा, वेगवेगळ्या रंगांचे, हा कोणालाही हरखून टाकणारा हात. पण समोरच्याने पत्ते न बघता काहीही लावले असे धरले, तरी त्याच्याविरुद्ध एक्का-राजाची जिंकण्याची शक्यता जेमतेम 65 टक्केच. मधल्या जोडीची, समजा अठ्ठ्यांची, गाठ तिच्यापेक्षा मोठ्या दोन पत्त्यांशी पडली तर ती शंभरात पंचावन्न वेळा जिंकते. एरवी आनंदाने घ्यावी अशी ही संधी इथे तोट्याची. उलट जो सगळे आधी लावतो त्याच्या बाजूने हेच गणित काम करते. समोरचे बहुतेक हात टाकून देणार हे ठाऊक असल्याने त्याला टाकाऊ पत्त्यांवरही ब्लाइंड गोळा करता येतात. छोट्या स्पर्धेतला खेळ सुधारणे म्हणजे मुख्यतः ही विषमता अंगवळणी पाडणे: सुरुवातीला हात आखडून खेळायचे, बबलवर (चौथा कोण जातो याची वाट पाहण्याच्या त्या काळाला खेळाडू हेच म्हणतात) लावायला सैल राहायचे आणि स्वीकारायला कंजूष.

यावर पहिला आक्षेप असा की पत्ते शेवटी नशिबाचे, गणित कितीही केले तरी. आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा किती हे मोजता येते. दहा जणांत सरासरी खेळणारा शंभर स्पर्धांत प्रत्येक बक्षीस दहा-दहा वेळा मिळवतो. त्याला 1,000 डॉलर येतात आणि तो 1,100 भरतो. ज्याला प्रत्येक बक्षीस दहाऐवजी बारा वेळा मिळते त्याचे 1,200 होतात. म्हणजे तोट्यातला आणि चांगल्या नफ्यातला खेळाडू यांच्यातले अंतर शंभरात 30 ऐवजी 36 वेळा पहिल्या तिघांत येण्याचे आहे. हा फरक एका संध्याकाळी दिसणे शक्य नाही. साध्या संख्याशास्त्राने पाहिले तर हा बारा वेळावाला खेळाडूसुद्धा शंभर स्पर्धांनंतर तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून जास्त असते. हजार स्पर्धांनंतर ती चार टक्क्यांच्या आत येते. हॉर्सशूच्या काळात हजार स्पर्धा खेळायला एक जन्म पुरला नसता. इंटरनेटवर दोन महिने पुरले. कौशल्य आधीही असेल, पण ते नशिबापासून वेगळे करून दाखवणारी चाळणी पहिल्यांदा तिथेच मिळाली.

दुसरा आक्षेप जुन्या खेळाडूंचा: पोकर म्हणजे माणूस ओळखणे, थाप मारणे, थाप पकडणे; आकडेमोडीने त्याचा आत्मा जातो. मोठ्या चिप्सच्या, सावकाश चालणाऱ्या खेळात त्यांचे म्हणणे मान्य करावे लागेल. पण छोट्या स्पर्धेत ब्लाइंड दर काही मिनिटांनी वाढतात आणि पाऊण तासात खेळायला जागाच उरत नाही. 2007 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या पीटर ब्रो मिल्टरसन आणि त्याचा सहकारी सोरेन्सन यांनी नेमका हाच शेवट तपासला. पार्टीपोकरच्या सिट अँड गोमध्ये शेवटचे दोघे समोरासमोर येत तेव्हा टेबलावर 8,000 चिप्स आणि ब्लाइंड 300 व 600 असे. त्यांनी सिद्ध केले की तिथे फक्त ‘सगळे लाव किंवा पत्ते टाक’ इतकेच करणारी, पण नीट हिशेबलेली रीत, सर्व बारकावे वापरणाऱ्या आदर्श खेळापेक्षा जिंकण्याच्या शक्यतेत जास्तीत जास्त 1.4 टक्क्यांनी मागे राहते. चोख खेळणाऱ्यासमोर चेहरे वाचणे, सापळे रचणे, संथ डाव खेळणे या सगळ्याची कमाल किंमत तेवढीच. आयसीएम हे अंदाजाचे साधन आहे, ही तक्रार मात्र खरी. पुढच्या हाताला ब्लाइंड कोणाला भरायचा आहे, कोण सरस खेळतो, हे त्यात धरलेच जात नाही. पण घाईच्या खेळात ढोबळ तराजूही नजरेच्या अंदाजापेक्षा बरा, आणि निकाल त्याच्या बाजूने लागले.

ते निकाल आणण्यासाठी टेबलावर गणित न येणारी माणसे हवी होती. ती 2003 ने पुरवली. टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर इंटरनेटवरच्या 86 डॉलरच्या सॅटेलाइटमधून हॉर्सशूच्या स्पर्धेत पोचला, 839 जणांत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत 2,576 खेळाडू होते, 2006 मध्ये 8,773. घराघरातून लोक छोट्या स्पर्धांना बसू लागले. इथेच एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, जी शिकवणी-पुस्तके दबक्या आवाजात सांगत: या खेळात सगळ्यांचे निकाल सुधारू शकत नाहीत. शंभर डॉलर जमतात, त्यासाठी एकशे दहा दिले जातात. एकाचे 36 दुसऱ्या कोणाच्या तरी 24 मधूनच येतात. 2007 मध्ये कॉलिन मॉशमनचे सिट अँड गोवरचे पुस्तक निघाले, आयसीएमचा हिशेब करणारे प्रोग्रॅम आले, खेळून झालेला प्रत्येक हात मजकुराच्या फाइलमध्ये मिळत असल्याने चुका मोजता येऊ लागल्या. दरम्यान ऑनलाइन जुगाराविरुद्धच्या ऑक्टोबर 2006 मधल्या अमेरिकी कायद्यामुळे पार्टीपोकरने तो देश सोडला आणि 15 एप्रिल 2011 च्या सरकारी कारवाईने उरलेल्या मोठ्या साइट्सही तिथे बंद झाल्या. नवखे आटले, शिकलेले उरले. सगळ्यांना येणाऱ्या गणितावर कोणी कमावत नाही. उरतो तो कंपनीचा अकरावा डॉलर.

भारतात हाच वाद कोर्टात लढला गेला आणि त्यात मुंबईचा हिस्सा मोठा आहे. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हे 1957 चे प्रकरण शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचे होते. त्या वर्षीच्या निकालांपासून कौशल्याचा खेळ वेगळा आणि जुगार वेगळा ही रेघ पक्की झाली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला बसवले, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाच्या. पोकर या रेघेवर लोंबकळत राहिले. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार ठरवले, मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये कौशल्य. एकाच संध्याकाळचा डाव पाहिला तर गुजरात बरोबर, हजार डावांची वही पाहिली तर मद्रास. प्रश्न किती लांबून पाहायचे याचा होता आणि तो कोणी फारसा विचारला नाही. 2025 च्या केंद्रीय कायद्याने वादच निकालात काढला. पैसे लावून ऑनलाइन खेळणे बंद, कौशल्य असो वा नशीब. गोव्यात मांडवीवरच्या बोटींतले टेबल हा वेगळा मामला.

कंपन्यांनी त्याआधीच आपला मार्ग शोधला होता. गणित जाणणारे नवख्यांना फार लवकर खलास करतात, हे त्यांना परवडणारे नव्हते. 2014 मध्ये पोकरस्टार्सने ‘स्पिन अँड गो’ काढले: तीन खेळाडू, प्रत्येकी 500 चिप्स, डाव सुरू होण्याआधी एक चक्र फिरते आणि बक्षीस प्रवेशाच्या किती पट ते ठरते. कधीतरी डोळे दिपवणारा आकडा, बहुतेक वेळा दोन-तीन पट. नशीब पुन्हा दारातूनच आत आले. मोठा आकडा लागला तरच दुसऱ्या-तिसऱ्याला काही मिळते. एरवीच्या डावांत सगळी रक्कम एकट्याची, जॉनी मॉसच्या वेळेसारखी. चिप्स आणि पैसे पुन्हा सरळ प्रमाणात आले, आणि चौथी खुर्ची तर टेबलाला उरलीच नाही.