काटरस्किलचा कठडा

अमेरिकन निसर्गचित्रकलेतील 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणजे अस्पर्श अरण्याची चित्रे, असे आपण गृहीत धरतो. पण टॉमस कोल १८२५ साली हडसन नदीच्या काठाने कॅट्सकिल डोंगरात गेला, तेव्हा तेथे आदल्याच वर्षी एक मोठे हॉटेल उघडलेले होते आणि काटरस्किल धबधब्यापाशी प्रेक्षकांच्या सोयीसाठी कठडा घातलेला होता. १८२६ च्या चित्रात कोलने तो कठडा गाळला आणि धबधब्यासमोरील खडकावर एक मूलनिवासी पुरुष उभा केला. इतका लहान, की शोधावा लागतो. पुढे चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूलनिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा झाला. चित्रात त्यांना मिळालेली ही जागा आम्हांला म्हणूनच अस्वस्थ करते.

कोलला भोळा ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. १८३६ साली अमेरिकन निसर्गदृश्यांवर लिहिलेल्या निबंधात त्याने कुऱ्हाडीबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षीच्या 'द ऑक्सबो'मध्ये डावीकडे वादळाखालचे रान, उजवीकडे उन्हातली नांगरलेली शेते. मधल्या झाडीत चित्र रंगवणारा तो स्वतः, रानाच्या बाजूला. याहून बोलका पुरावा म्हणजे कॅट्सकिल ओढ्याची त्याची दोन चित्रे. १८३६–३७ च्या चित्रात काठावर दाट झाडी आहे. १८४३ मध्ये तोच काठ उघडा पडला आहे, पुढे कुऱ्हाड घेतलेला माणूस आहे आणि दूरवर पुलावरून आगगाडी चालली आहे. ज्याने एकदा कठडा पुसला त्याने येथे गाडी पुसली नाही. आमच्या मते या संप्रदायाचा अभ्यास या जोडीपासून सुरू व्हावा. बीअरश्टाटचे भव्य पश्चिमी पर्वत नंतर पाहिले तरी चालतील.

कोल १८४८ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ अ‍ॅशर ड्युरँडने १८४९ साली 'किंड्रेड स्पिरिट्स' रंगवले. शीर्षक कीट्सच्या एका सुनीतावरून घेतलेले. दरीच्या कड्यावर कोल आणि त्याचा मित्र, कवी ब्रायंट, उभे आहेत. दरी आणि मागचा धबधबा प्रत्यक्षात एका ठिकाणाहून असे दिसत नाहीत. ड्युरँडने ते जुळवून घेतले. डाव्या बाजूच्या झाडाच्या सालीवर दोघा मित्रांची नावे कोरलेली आहेत, अर्थात चाकूने.