गल्लीतलं मांजर कोणाचं?



गटाच्या सभेत बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते लिहून होतात, सह्या होतात आणि मग गावच्या गोष्टी निघतात. अलीकडे आमच्या बऱ्याच गटांत एक विषय पुन्हा पुन्हा निघाला. गल्लीत एखादं मांजर फिरतं, त्याच्या बरगड्या दिसतात, पाठीचा कणा वर आलेला असतो. एक ताई म्हणते, "भाकरीचा तुकडा टाकला तर काय बिघडतं?" दुसरी म्हणते, "ज्याचं आहे तो बघेल, आपण कशाला मध्ये पडायचं?" तिसरीला भीती, की एकाला घातलं तर उद्या चार येतील. तिघींचंही म्हणणं खोटं नाही. हा प्रश्न आजचा नाही, फार जुना आहे. म्हणून आज आपण त्याचा थोडा इतिहास पाहू.

गाय, बैल, शेळी यांना माणसानं धरून आणलं, दावं बांधलं. मांजराचं तसं झालं नाही. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. त्याला कुणी बोलावलं नाही, पण कुणी हाकललंही नाही. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिथं माणसाला पुरलं आहे आणि त्याच्या शेजारीच एका मांजरालाही नीट पुरलं आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळीही ते कुणाला तरी आपलं वाटत होतं. सिंधमधल्या चन्हुदडो या हडप्पाकाळच्या गावात एक वीट सापडली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं आणि त्याच्यामागे कुत्रं. दोघांच्या पावलांचे ठसे विटेत तसेच राहिले. चार हजार वर्षांपूर्वीचं ते अंगण आपल्या अंगणापेक्षा फार वेगळं नव्हतं.

आपल्या घरांत धान्य सांभाळायचं काम बाईचं. पेव, कणगी, कोठी, उतरंड हा सगळा तिचा कारभार. मांजर हे त्या कारभारातलं बिनपगारी माणूस. पण त्याच्यावर पूर्ण विश्वास कुणी टाकला नाही, म्हणून दूधदुभतं शिंक्यावर टांगलं. 'शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं' ही म्हण त्यातूनच आली. हे नातं असं अर्ध्या विश्वासाचं होतं. तरी मांजर मारणं मोठं पाप मानलं जाई. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. एवढं सोनं कुणाच्या घरात असणार? म्हणजे मारूच नका, असाच त्याचा अर्थ. तिकडे बंगालात लेकराबाळांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहनच मांजर आहे.

आपल्याकडे आणखी एक बोललं जातं, की मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं. मग ते कोणाचं म्हणायचं? सातही घरांचं. पूर्वी मांजर एकाच्या दारात उंदीर धरायचं, दुसरीच्या चुलीजवळ झोपायचं, तिसरीकडे ताकाचं भांडं चाटायचं. एका घरी चूल पेटली नाही तरी त्याचं पोट दुसरीकडे भरायचं.

संतांच्या गोष्टी तर आपण कीर्तनात ऐकतच आलो. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव काठी घेऊन धावले नाहीत, कोरडी पोळी घशात अडकेल म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. दोन्ही गोष्टींत ते जनावर त्यांच्या मालकीचं नव्हतं. 'हे कोणाचं?' असं विचारत कुणी थांबलं नाही.

गावात हे असं चाललं, पण शहरं वाढली तेव्हा प्रश्न बदलला. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायचा हुकूम काढला आणि मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं. बक्षिसाच्या लोभानं पाळलेली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. ते रस्त्यावर उतरले आणि इतर समाजांचे लोकही त्यांना येऊन मिळाले. दुकानं बंद झाली, शहर ठप्प झालं. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचा पांजरापोळ उभा केला. बेवारस जनावरांचा खर्च कुणा एकानं नाही, तर सगळ्यांनी मिळून उचलायचा, ही त्यामागची कल्पना. आपण गटात थेंब थेंब जमवतो, तसाच तो प्रकार. पुढे १८७४ मध्ये जनावरांचा छळ रोखण्यासाठी मुंबईत संस्था निघाली आणि परळला जनावरांचं मोठं हॉस्पिटल झालं. त्याला सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचं नाव आहे. ते आजही चालू आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे पहिले रोगी सापडले. त्यानंतर साथ देशभर पसरली आणि पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं दगावली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रोग कशानं पसरतो हे सुरुवातीला डॉक्टरांनाही कळत नव्हतं. आधी उंदीर मरून पडतात आणि मग माणसं, एवढं लोकांनी पाहिलं होतं. उंदीर पडू लागले की लोक घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते.

त्या काळात आपल्या अमरावतीला अँड्र्यू बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. ते गावोगाव फिरून प्लेगची पाहणी करत. त्यांना असं दिसलं, की ज्या गावांत घरोघरी मांजरं जास्त, तिथं प्लेग कमी. कारण साधं होतं, मांजर असलेल्या घरात उंदीर टिकत नाही. त्यांनी हे लिहून विलायतेतल्या डॉक्टरांच्या मासिकात १९०८ मध्ये छापलं आणि मांजरं पाळा असं सांगितलं. विचार करा, जगभरचे मोठमोठे डॉक्टर प्लेगवर उपाय शोधत होते आणि अमरावतीच्या खेड्यांतल्या बायकांनी चुलीजवळ निजू दिलेली मांजरं त्या शास्त्राच्या चर्चेत जाऊन बसली!

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. मांजर हे प्लेगवरचं औषध नव्हे. आजारी उंदीर खाऊन मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आता माहीत आहे. बुकॅनन साहेबांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. पण धान्य, उंदीर, मांजर आणि माणूस एका साखळीत बांधलेले आहेत, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

मग कायदा आला. त्याच्यामागे एक बाई होत्या हे आपल्याला ठाऊक असायला हवं. भरतनाट्यमच्या थोर कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर गेल्या. मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध त्यांनी स्वतः विधेयक मांडलं. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणायचं कबूल केलं आणि १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावर पाळून त्याला पुरेसं खाणं-पाणी न देणं हा त्यात गुन्हा आहे. १९७६ मध्ये राज्यघटनेत नागरिकांची कर्तव्यं आली, त्यांत सजीवांबद्दल दया बाळगणं हेही आहे. म्हणजे ज्याचं मांजर त्याच्यावर कायद्याची जबाबदारी आहे, आणि ज्याचं कोणी नाही त्याच्याबद्दल आपल्या सगळ्यांचं कर्तव्य आहे.

तरी आजची मांजरं रोड का दिसतात? आम्हाला वाटतं, याची कारणं आपल्या घरांतच आहेत. कणग्या गेल्या. सोयाबीन, कापूस थेट बाजारात जातो, धान्य रेशनचं येतं, ते पत्र्याच्या कोठीत बंद राहतं. दूध डेअरीला जातं, उरलेलं फ्रिजमध्ये. घरं सिमेंटची झाली, दारं बंद राहू लागली. आणि उंदरांसाठी आपण विषारी औषध ठेवतो. ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जातं. सात घरांचं मांजर होतं, त्यातली बरीच घरं बंद झाली. यात कुणा एकीचा दोष नाही. पण एवढं कळल्यावर 'ज्याचं त्यानं बघावं' असं म्हणणं तितकं सोपं राहत नाही.

मग मध्ये पडायचं की नाही? आमच्या गटांत चर्चा करून आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या सांगतो.

आधी विचारा, मग खायला घाला. आजूबाजूच्या चार घरांत चौकशी करा. म्हातारं मांजर भरपूर खाऊनही रोड दिसतं. कधी त्याचे औषधोपचार चालू असतात आणि आपण घातलेला घास त्याला बाधतो. कोणाचं आहे ते कळत नसेल आणि मांजर अंगाला हात लावू देत असेल, तर गळ्यात कागदाची सैलशी पट्टी अडकवा, ओढली तर फाटेल अशी. तिच्यावर लिहा, 'हे मांजर तुमचं आहे का?' पट्टी नीट काढलेली दिसली किंवा उत्तर आलं, तर त्याला घर आहे. मालकाला टोमणा मारू नका. "मावशी, तुमचं मांजर खातंय ना नीट?" एवढं पुरतं. कदाचित त्या घरातच तंगी असेल. मांजराच्या निमित्तानं तेही कळतं, आणि त्यावर गटाला काही करता येतं.

पोटाखाली सडं ओढलेली, ओली दिसली तर ती पिल्लांची आई आहे. माळ्यावर किंवा कडब्याच्या गंजीत तिची पिल्लं असतील. तिला खायला घाला, पण पिल्लं उचलून दुसरीकडे नेऊ नका.

खायला काय घालायचं? आपण पटकन दूध ठेवतो, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. स्वच्छ पाणी आधी. नुसत्या भाकरीवर मांजर जगत नाही, त्याला मांस-मासळी लागतेच. उकडलेलं अंडं, धुऊन उकडलेली सुकट, बिनमिठाचं कोंबडीचं मांस चालतं. ज्यांच्या घरी हे शिजत नाही त्यांनी पाण्याचं भांडं भरायचं काम घ्यावं. कांदा-लसूण घातलेलं कालवण देऊ नका, तो त्यांना विषासारखा आहे. आणि आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनही देऊ नका, तिनं मांजर मरतं.

मांजर खात नसेल, लाळ गळत असेल, जखम असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या मोफत नंबरवर विचारा. आजारी मांजराला उघड्या हातानं धरू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. रेबीज मांजरामुळेही होतो.

आणि तिसऱ्या ताईची भीती, चार येतील ही. ती खरी आहे. एक मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते. म्हणून नुसतं खायला घालणं पुरेसं नाही. नसबंदीची सोय जवळपास कुठे आहे ते दवाखान्यात विचारा. एकट्या बाईला तो खर्च आणि ती धावपळ जड जाते. पाच घरांनी मिळून एका मांजराचं केलं तर जड जात नाही.

तायांनो, पुढच्या सभेत बचत झाल्यावर पाच मिनिटं काढा. आपल्या गल्लीत किती मांजरं आहेत, त्यांतलं कुठलं कोणाचं आणि कुठलं कोणाचंच नाही, याची यादी करा. पाण्याचं भांडं कोणाच्या दारात ठेवायचं, दवाखान्यात कोण फोन करणार, ते वाटून घ्या. आणि उंदरांचं औषध घालायचं असेल तर शेजारणीला आदल्या दिवशी सांगा. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या गप्पांत आपण ते सगळ्यांना ऐकवू.