आधी थांबायचं कोणी? तांडा, बंडी आणि ट्रकच्या रस्त्याचा इतिहास

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने विचारलं, "दादा, ज्या गोष्टीची कागदावर नोंदच होत नाही, तिच्यावर संशोधन कसं करायचं?" प्रश्न चांगला होता. फोनवर उत्तर धड देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. उदाहरण माझ्याच कामातलं घेतो : रस्त्यावर एकमेकांना वाट देण्याचा इतिहास.

पाच मिनिटांत दोन ट्रक

झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. इकडे वणीचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट आणि सगळीकडे कापूस. त्यामुळे एकाच रस्त्यावर मोठे ट्रकही असतात आणि कापसाची बंडीही असते.

गेल्या हिवाळ्यात दिवेलागणीला मी वणी-मुकुटबन रस्त्याच्या कडेला उभा होतो. कापसाने भरलेली एक बंडी येत होती. समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने लांबूनच डिपर मारून उजेड खाली घेतला, वेग कमी केला आणि डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली. धुरकऱ्याने कासरा न सोडता नुसता हात वर केला. संपलं.

पाच मिनिटांत दुसरा ट्रक आला. याने उजेड तसाच ठेवला आणि हॉर्न दाबून धरला. बैल बुजले, बंडीचं एक चाक डांबराखाली उतरलं आणि काळ्या मातीत रुतलं. धुरकरी खाली उतरून चाकाला खांदा लावत बसला. ट्रक केव्हाच निघून गेला होता.

पहिला ड्रायव्हर चांगला, दुसरा वाईट, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मग संशोधन तिथेच संपतं. मी वेगळा प्रश्न विचारला : थांबण्याची किंमत कोणाला किती पडते, आणि ती कोण भरतो?

कागद भांडण लिहून ठेवतो

नवीन संशोधकाची पहिली अडचण अशी की सौजन्याचा पुरावा मागे राहत नाही. धुरकऱ्याने वर केलेला हात कुठल्या दप्तरात नोंदवणार? चाक मोडलं, डोकं फुटलं, तर मात्र कागद तयार होतो. म्हणून सौजन्याचा इतिहास भांडणाच्या नोंदींतून उलटा वाचावा लागतो.

रस्त्यावरच्या अशा भांडणाची एक जुनी आणि सुंदर नोंद सतराव्या शतकातली आहे. झां-बाप्तिस्त टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात बरीच वर्षं फिरला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापलं गेलं. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. पाठीवर तांदूळ, धान्य, मीठ. माणसं बायकामुलांसह बैलांबरोबर चालणारी, घरात कधीच न राहणारी. प्रत्येक तांड्याला एक नायक आणि त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ.

टॅव्हर्निए म्हणतो, धान्याचा तांडा आणि तांदळाचा तांडा समोरासमोर आले की एकमेकांना वाट देण्याऐवजी रक्तपात होई. शेवटी बादशहाने दोन्ही नायकांना बोलावलं, समजूत घातली आणि प्रत्येकाला एक लाख रुपये आणि मोत्यांची माळ दिली.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली की त्याने ऐकली तशी लिहिली, हा वेगळा मुद्दा. पण ती त्या काळात पटण्यासारखी होती, हेच महत्त्वाचं. तिच्यात बादशहा कोणालाही 'तू आधी थांब' असं सांगत नाही. तो थांबण्याची किंमत स्वतःच्या खजिन्यातून भरतो.

आकडा तपासून पाहा

मी मूळचा भौतिकशास्त्राचा, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतात. टॅव्हर्निए आणखी एक गोष्ट सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा भेटला की गाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला सगळे बैल जाईपर्यंत कधी कधी दोन-तीन दिवस थांबावं लागे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थाप वाटली.

मग हिशेब केला. १०,००० बैल धरू. अरुंद वाटेवर एकामागे एक, प्रत्येकाला ३ मीटर जागा. रांग झाली ३० किलोमीटरची. लादलेला बैल ताशी ३ किलोमीटर चालला, तर ही रांग एका ठिकाणावरून जायला १० तास लागतील. पण बैल दिवसभर चालत नाही, त्याला चारा-पाणी लागतं. दिवसाला पाच तास चाल धरली तर झाले दोन दिवस. गृहीतकं माझी आहेत, पण थाप वाटणारं विधान शक्यतेच्या कक्षेत आलं.

दुसरी खातरजमा म्हणजे दुसरा साक्षीदार. पीटर मंडी हा इंग्रज १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला १४,००० धान्य लादलेल्या बैलांचा तांडा भेटला. दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी लिहिलेले आकडे एकाच पातळीचे आहेत.

आता तांड्याच्या बाजूने बघा. ३० किलोमीटरची रांग थांबवायची म्हणजे काय? मागच्यांना निरोप पोचेपर्यंत पुढे गर्दी, बैल शेतात शिरणार, गोण्या पडणार, चारा संपणार. लढाईपेक्षा थांबणं महाग पडत असेल तर लढाई होणारच. रागीट स्वभावाचं कारण शोधायची गरजच पडत नाही.

वणी जिल्ह्यातला कागद आणि त्याचा चष्मा

हे तांडे आपल्याकडचे होते का? होते. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने, इंग्रजी कागदांत 'वुन', ओळखला जाई. वऱ्हाड पोलिसातल्या एन. एफ. कंबरलेज यांनी बंजारा समाजावर लिहिलेलं टिपण १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ते वापरलं, शिवाय यवतमाळमध्ये गोळा केलेली माहितीही घेतली.

त्यात एक परंपरा येते. १६३० च्या सुमारास भंगी आणि जंगी हे नायक आसफखानाच्या दख्खन मोहिमेबरोबर लाखांहून जास्त बैल घेऊन आले. त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला. सवलती अशा : बैलांसाठी छपराचं गवत उपसून घ्यावं, लोकांच्या रांजणातलं पाणी घ्यावं आणि दिवसाला तीन खून माफ! खरंखोटं बाजूला ठेवून अर्थ बघा. सैन्याचं धान्य अडू नये म्हणून थांबण्याची किंमत इथे वाटेवरच्या गावावर टाकलेली आहे.

त्याच ग्रंथात तांड्याच्या पुढे चालणाऱ्या बैलाचं वर्णन आहे. त्याचं नाव हातडिया. त्याच्यावर ओझं लादायचं नाही. अंगावर लाल रेशीम, कवड्या, गोंडे, गळ्यात घंटा. तो थकून बसला की तिथेच मुक्काम. श्रद्धेचा भाग आहेच, पण लांबून दिसणारा आणि ऐकू येणारा बैल पुढे असणं ही समोरच्याला दिलेली आगाऊ सूचनाही होती, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे आणि प्रबंधातही मी ते अनुमान म्हणूनच लिहिणार आहे.

इथे एक सावधगिरी. हे लिहिणारे पोलीस आणि प्रशासक होते. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि भटक्या समाजांकडे संशयाने बघणं सरकारी झालं. अशा वहीत तांड्याचं भांडण सापडतं, तांड्याने कोणाला दिलेली वाट सापडत नाही. नोंद नाही याचा अर्थ घडलं नाही असा नव्हे. लिहिणाऱ्याला त्यात रस नव्हता, एवढाच.

बंडी आणि ट्रक

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लांब पल्ल्याची लदेणी हळूहळू संपली. बैल पाठीवरच्या ओझ्यातून सुटला आणि जुवाखाली आला. कापूस शेतातून जिनिंगपर्यंत बंडीनेच जायचा. मोटारी वाढल्या तशी रस्त्यांची चिंता वाढली. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. १९४३ मध्ये नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड ठरली. कागदावर रस्ते वेगळे झाले, पण बंडी आणि ट्रक मात्र एकाच डांबरावर राहिले.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. नाईक स्वतः पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. खरेदी ठरावीक केंद्रांवर होऊ लागली, केंद्राबाहेर बंड्यांच्या लांब रांगा लागू लागल्या. नंबर लवकर लागावा म्हणून लोक अंधारातच निघत. हंगामात बंड्या आणि ट्रक एकाच रस्त्यावर एकाच वेळी, तेही अंधारात.

आता पुन्हा किंमत मोजू. एकपदरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर रुंद असतं आणि ट्रक अडीच मीटरच्या आसपास. शेजारी बंडी मावत नाही, कोणाला तरी खाली उतरावंच लागतं. ट्रक उतरला तर गिअर आणि दोन मिनिटं जातात. भरलेली बंडी ओल्या काळ्या मातीत उतरली तर चाक रुततं, बैल जायबंदी होऊ शकतो, वर्षाचा कापूस मातीत जातो. शिवाय बंडीला ब्रेक नसतो. उतारावर सगळं वजन बैलांच्या मानेवर येतं. ज्याला थांबणं स्वस्त त्याने थांबावं, हा पहिल्या ड्रायव्हरचा न बोललेला हिशेब होता.

गंमत म्हणजे कायद्यालाही हा हिशेब कळतो. १९८९ च्या वाहतूक नियमांत होतं की घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, म्हणून. मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी हाताने करायची खूणही त्याच नियमांत होती. म्हणजे ड्रायव्हर मंडळींचं सौजन्य तिथे कलम होऊन बसलं. पण धुरकऱ्याला लायसन लागत नाही, मोटार वाहन कायदा त्याला मोजत नाही. त्याच्यासाठी उरते फक्त रीत.

आणि रीत एका जातीच्या वाहनातून दुसरीकडे नेली की उलटते. 'हॉर्न ओके प्लीज' ट्रकच्या पाठीवर मागच्या ट्रकसाठी असायचं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. ट्रकवाल्यांमध्ये हॉर्न म्हणजे 'मी आलोय' अशी सूचना, बैलासाठी मात्र तो हल्ला. दुसऱ्या ड्रायव्हरने कदाचित आपल्या परीने सौजन्यच दाखवलं असेल!

५० मीटरची गोष्ट

शेवटचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. भारतीय रस्त्यांच्या मानकांत धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाला ८० मीटर धरलं आहे, ४० ला ४५ मीटर. डिपरवर उजेड साधारण ५० मीटर पडतो. बंडीला मागे दिवा नाही, फार तर आसाखाली टांगलेला कंदील. म्हणजे डिपर देऊन ६० ने जाणाऱ्या ड्रायव्हरला मागून गाठलेली बंडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तो कितीही भला असो. ४० ने जाणारा थांबू शकतो.

म्हणून मला वाटतं, सौजन्य कमी झालं ही तक्रार अर्धीच खरी आहे. फेरीमागे पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरसाठी ४० ने जाणं म्हणजे मजुरी कमी होणं. बादशहाने लाख रुपये मोजले होते. आज ती किंमत कोणी भरत नाही, म्हणून ती धुरकऱ्याच्या बैलावर येते. बंडीच्या मागे लावलेली चमकणारी पट्टी हे काम थोडं स्वस्त करते, कारण ती ५० मीटरच्या पलीकडूनही दिसते. हातडियाच्या लाल रेशमाचं काम तीच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तर ज्युनियरच्या प्रश्नाचं उत्तर. नोंद नसलेल्या गोष्टीवर काम करायचं असेल तर एक, भांडणाची नोंद शोधा आणि ती उलटी वाचा. दोन, नोंद करणारा कोण, त्याचं काम काय होतं, हे आधी लिहा. तीन, आकडा मिळाला की विश्वास किंवा अविश्वास ठेवण्याआधी हिशेब करा, दुसरा साक्षीदार शोधा. चार, पुरावा कुठे संपला आणि अनुमान कुठे सुरू झालं, ते वाचणाऱ्याला दिसू द्या. गाइड नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आणि पाचवं, रस्त्यावर जाऊन उभे राहा. त्या संध्याकाळी चाक बाहेर काढायला मीही हात लावला. बंडी वर आल्यावर धुरकऱ्याने आधी बैलांच्या माना चाचपल्या, मग कापूस बघितला. थांबण्याची किंमत म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. प्रबंधाच्या प्रश्नात 'किंमत' हा शब्द मी त्या दिवसानंतर घातला.